चंद्राकाकी रोह्याला सिनेमा बघायला गेली

पेणजवळच्या आमच्या जोह्यात गणपती कुणाच्या कारखान्यातला, हे लोक लांबून ओळखतात. कुणी मुकुटावरून ओळखतो, कुणी सोंडेच्या वळणावरून. काळुराम शेठच्या कारखान्यातला गणपती मात्र डोळ्यांवरून ओळखायचा. पनवेलच्या दुकानात फळीवर ठेवलेला असला तरी बघणारा म्हणायचा, "हा काळुरामचा. बघ कसा बघतोय, घरच्या माणसावानी." नाव काळुरामचं व्हायचं, डोळे मात्र चंद्राकाकीच्या हातचे असायचे.

चंद्रावती तिचं अख्खं नाव, पण त्या नावानं तिला फक्त रेशनच्या दुकानात हाक मारत. बाकी गावाची ती चंद्राकाकी. माहेर खाडीकडचं, बाप आणि भाऊ मिठागरात फावडं ओढणारे. लग्न होऊन जोह्यात आली तेव्हा नवरा, जनू, तोही मिठागरातच जायचा. मिठाच्या पाण्यात उभं राहून त्याच्या पायांची सालं निघायची आणि पावसाळ्यात मिठागर बंद पडलं की घरात नुसती तोंडाकडे तोंडं. मग ती नाथाशेठच्या कारखान्यात माती मळायला लागली. नाथाशेठ म्हणजे काळुरामचा बाप. आधी माती मळली, मग साच्यातून काढलेल्या मूर्तींच्या कडा घासल्या, मग पीतांबर रंगवलं. डोळ्यांपर्यंत पोचायला तिला बरीच वर्षं लागली, आणि पोचली तीही दुसऱ्याच्या वाईटावर पोचली.

त्याचं असं झालं. मूर्तीचे डोळे काढायच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. सगळा रंग झाला, दागिने झाले, की शेवटी आखणी. नाथाशेठच्या कारखान्यात तेव्हा आखणीला मोरू पेंटर बसायचा. मोठा फणकाऱ्याचा माणूस, पण हात असा की बघत राहावं. आणि नाथाशेठचा एक नियम होता, गावात दुसरीकडे कुठे नव्हता तो: डोळे लिहिणाऱ्याचे डोळे शाबूत पाहिजेत. साधे डोळे आले असले, चिपडं धरली असली, तरी त्यानं आठ दिवस आखणीला बसायचं नाही. अधू डोळ्यांनी देवाला नजर देऊ नये, असं तो म्हणायचा. मोरूच्या डोळ्यावर पडदा आला आणि तो लपवायला लागला. नाथाशेठला कळलं त्या दिवशी त्यानं मोरूच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि त्याला मूर्तींच्या भोवती पेंढा भरायला बसवलं. मोरूनं दोन सीझन पेंढा भरला. तिसऱ्या सीझनला तो आलाच नाही, आणि का आला नाही हे कुणी विचारलंही नाही.

त्या जागेवर चंद्रावती बसली. गौरीच्या जुन्या मुखवट्याचे पुसलेले डोळे तिनं घरी नीट केले होते, ते नाथाशेठच्या बायकोनं बघितलं होतं, म्हणून. तेव्हापासून केस पिकले, नाथाशेठ गेला, जनूच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि तो ओटीवर बसून राहायला लागला, काळुराम चड्डीतला होता तो शेठ झाला. ती त्याच जागेवर होती.

आणि आता जे काकीनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकायला पाहिजे. काकीचा उजवा डोळा गेला होता.

एकदम नाही गेला. कडेनं काळोख येत गेला. बाजाराला जाते म्हणून सांगून ती पेणच्या डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आली. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, असं तिला वाटत होतं. डॉक्टरीणबाईनं बराच वेळ आत बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदू नाही, हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. डाव्यात रोज थेंब टाका, निदान तो तरी राहील. काकी बाहेर आली, एक जुडी माठ घेतला आणि घरी येऊन म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय."

एका डोळ्यानं दिसतं की, असं तुम्ही म्हणाल. दिसतं. पण ब्रशाचं टोक मूर्तीला टेकलं की अजून केसभर लांब आहे, ते कळत नाही. पहिल्या महिन्यात तिनं गणपतीच्या डोळ्यात काळे ठिपके पाडले आणि ब्रशाच्या नावानं बोटं मोडली. मग तिला तिची तीच युक्ती सापडली. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची आणि तिच्या आधारानं ब्रश हळूहळू पुढे न्यायचा. गालाचा रंग कच्चा असेल तर डाग पडतो, म्हणून रंग सुकेपर्यंत थांबायचं. म्हणजे दुप्पट वेळ. बाकीच्या बायका उठून हातपाय धुवायच्या तेव्हा काकी मान मोडून बसलेलीच असायची. संध्याकाळी डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागायचं. पाठीचा तर काटा ढिला झाला होता. "काकी, म्हातारी झालीस, सावकाश झालीस," असं काळुराम हसत म्हणायचा आणि तीही हसायची. हसण्यातसुद्धा ताकद जाते माणसाची.

अशा त्या दिवसांत रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून हैबतराव आले.

हैबतराव म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर आणि तिथल्या मंडळाचे अध्यक्ष. बोलायला लागले की वर्गात उभे असल्यासारखे बोलायचे. त्यांना त्या वर्षी देखावा वेगळा पाहिजे होता. एका जगभर गाजलेल्या कादंबरीवर परदेशात मोठा सिनेमा निघाला होता, हिंदीत होऊन तो रोह्यालाही लागला होता. माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर जातात, आणि तिथल्या लोकांना तोंडच नसतं. ते डोळ्यांनी बोलतात. असे ते चार जण गणपतीच्या भोवती हात जोडून उभे करायचे.

"कादंबरी मी तीन वेळा वाचली आहे," हैबतराव म्हणाले. "पण तुमच्या बाईंना वाचून काय कळणार? त्यांनी सिनेमा बघायला पाहिजे. सगळी करामत डोळ्यांत आहे हो. आपलं मंडळ तिकिटं काढतंय."

काळुरामला ऑर्डर हवीच होती. तो म्हणाला, "रविवारी टेम्पो काढतो. काकी, तू आणि रंभा."

"मना नको रे," काकी म्हणाली. गिऱ्हाइकासमोर ती त्याला शेठ म्हणायची, पण त्या दिवशी विसरली. "माझी पाठ किती दुखते. रंभाला ने. ती येऊन सांगंल."

"डोळे तू लिहिणार आणि बघायला रंभा? वरात एकाची नि घोड्यावर दुसराच?"

रंभा शेजारीच पीतांबराला रंग देत बसली होती, तिचे तर पाय जमिनीवर राहिले नाहीत. रंभा चाळिशीतली, काकीच्या शेजारच्या घरातली. नवरा कंपनीत शिफ्टला, पोरं मोठी झालेली. काम करता करता काकीच्या खांद्यावरून डोळे कसे लिहितात ते ती बघायची, आणि फुटक्या मूर्तीवर हात चालवून बघायची. काकीचा तिच्यावर जीव होता. पण हल्ली रंभा मागे येऊन उभी राहिली की काकी ब्रश खाली ठेवून चष्मा पुसत बसायची, हेही खरं आहे.

रविवारी सकाळी टेम्पो निघाला. काळुराम स्वतः चालवत होता. काकी आणि रंभा मागे, मूर्ती नेताना घालतात त्या पेंढ्यावर. वडखळ सोडल्यापासून हायवेवर जे खड्डे सुरू झाले ते नागोठण्यापर्यंत. रंभा दर खड्ड्याला "आई गो!" करून हसत होती. काकीनं पाठीला हात लावून डोळे मिटून घेतले होते. तिला सिनेमा नको होता, दुसरा ग्रह नको होता, हा एक ग्रहच तिला पुरून उरला होता. पण एक मनात होतं: डावा डोळा चांगला आहे, बघू त्या डोळ्यांनी बोलणाऱ्यांना, लिहू कसेतरी. अडचण येईल असं तिला तिथवर वाटलंच नव्हतं.

अष्टमीला हैबतराव इस्त्रीच्या शर्टात रस्त्यावर उभेच होते. त्यांना पुढे घेतलं, कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि रोह्याच्या थेटरापाशी उतरले. दारात एक माणूस प्रत्येकाच्या हातात काळा चष्मा देत होता.

"हे कशाला?" काकीनं विचारलं. "ऊन कुठाय आत?"

"थ्रीडी आहे, काकी," हैबतराव म्हणाले, आणि मास्तरला जी पाहिजे असते ती शिकवायची संधी त्यांना मिळाली. "यात मजा अशी की उजव्या डोळ्याला एक चित्र दाखवतात आणि डाव्या डोळ्याला थोडं वेगळं. आपलं डोकं ती दोन्ही जुळवतं आणि मग चित्र पडद्यातून बाहेर येतं. अंगावर येतं अगदी! एक डोळा मिटून बघा, सगळं सपाट. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं."

रंभानं लगेच एक डोळा मिटून चष्मा लावला, मग उघडला, मग परत मिटला, आणि दारातच हसत सुटली. काळुराम म्हणाला, "अगो, आत तर चल, अजून सुरू कुठं झालाय!"

सगळ्यांनी लावला तसा चष्मा काकीनंही लावला. मनात म्हणाली, बये, आता कसं होणार.

आत जागा अशा मिळाल्या की रंभा काकीच्या उजव्या बाजूला आणि काळुराम डाव्या. काळुरामच्या पलीकडे हैबतराव. अंधार झाला, मोठा आवाज झाला, आणि तो सिनेमा सुरू झाला.

सिनेमा चांगला असावा. थेटरातली माणसं सारखी आ, ऊ करत होती. काकीला दिसत होतं ते एवढंच की मोठ्या पडद्यावर एक यान आहे, यानात माणसं आहेत, ती काळजीत आहेत. मग ते दुसरे लोक आले. उंच, राखाडी, हनुवटीच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी, आणि डोळे केवढे, सुपाएवढे. क्षणभर काकी सगळं विसरली. डोळ्यांच्या आत निळ्यावर निळे थर होते आणि बोलायचं असेल तेव्हा ते थर हलत. वरच्या पापणीला जरा जड रेघ दिली तर हे जमेल, असं तिच्या हातानं आतल्या आत ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात पडद्यावर डोंगर फुटला आणि दगड उडाले. सगळं थेटर एकदम खाली वाकलं. रंभा किंचाळली. हैबतरावांनी, तीन वेळा कादंबरी वाचलेल्या माणसानं, हात तोंडावर घेतले. काळुराम सीटवर बाजूला झाला आणि मग आपल्याच घाबरण्यावर हसत त्यानं काकीकडे बघितलं. काकी सरळ बसली होती, देवळातल्या समईसारखी.

"काय गो काकी, भ्यायली नायस?" तो कुजबुजला.

"व्हय की, भ्यायले," काकी म्हणाली.

म्हणाली खरी, पण तिला कळलं की असं चालायचं नाही. दगड तिच्या अंगावर आलेच नव्हते. ते पडद्यावरच राहिले होते. म्हणून तिनं ठरवलं, बाजूचा वाकला की आपण वाकायचं. रंभा उजवीकडे, त्या बाजूला तर तिला सगळाच काळोख. राहिला काळुराम. मग काकी सिनेमा सोडून काळुरामकडे बघत बसली. तो दचकला की ती दचकायची. तो मागे सरला की ती मागे सरायची. दोन-तीनदा जमलंही. पण माणूस आपल्याकडे टक लावून बसला की आपल्याला कळतंच. काळुरामनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तिनं घाईनं मान पडद्याकडे वळवली.

पडद्यावर त्या लोकांच्या नगराचं मोठं दगडी दार होतं. दोर तुटला आणि दार धाडकन खाली यायला लागलं. काकीला वाटलं, आलं, हे आता नक्की अंगावर आलं. तिनं "अगो बाय!" म्हणून दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पार गुडघ्यांपर्यंत वाकली.

कुणीच वाकलं नव्हतं. दार पडद्यातल्या पडद्यात खाली येऊन बंद झालं होतं, लांब, नगराच्या वेशीवर. मागच्या रांगेतली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला जास्तच थ्रीडी दिसतंय." रंभाही हसली, बिचारी, तिला काय माहीत? काकी हळूहळू सरळ झाली, चष्मा वाकताना मांडीत पडला होता. काळुरामनं त्याचा चष्मा काढून हातात धरला होता. तो हसत नव्हता. दर वेळी ती त्याच्याकडेच वळली होती, रंभाकडे एकदाही नाही, आणि आता तो पुढे झुकून तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत होता, आणि त्याला कळलं आहे हे तिला कळलं.

मध्यंतरात हैबतरावांनी सगळ्यांना वडे आणले. काळुरामनं वडा तसाच हातात ठेवला. हैबतराव आपले सांगत होते, "पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण यांनी गाळलंय. त्या लोकांना खोटं बोलता येत नाही ना! डोळ्यांनीच बोलायचं म्हटल्यावर लपवणार काय? त्यावर अख्खं प्रकरण आहे. काकी, तुम्ही डोळे नीट बघितलेत ना?"

"बघितले, गुरुजी," काकी म्हणाली.

मध्यंतरानंतर तिनं काही केलं नाही. दगड आले, आग आली, पाणी आलं, सगळे वाकले, ती बसून राहिली. कुणापासून लपवायचं आता? आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटेना. दोन वर्षं ती जी मूठ आवळून बसली होती ती आपोआप सुटली होती, आणि सुटल्यावर कळलं की बोटं किती दुखत होती. सिनेमा संपायच्या आधी ती झोपली. पृथ्वीवरच्या माणसांचं शेवटी काय झालं, ते तिनं कधी विचारलंही नाही.

परतताना हैबतराव अष्टमीला उतरले. काळुरामनं मागचं फळकूट उघडलं आणि म्हणाला, "काकी, तू पुढं बस. मागं पाठ दुखंल." रंभा पेंढ्यात आडवी झाली ती लगेच घोरायलाही लागली. नागोठणं आलं. काचेवर रिमझिम चालू होती आणि वायपर कुरकुरत होता.

"उजवा?" काळुरामनं विचारलं.

"व्हय."

"कवापासून?"

"दोन सीझन झाले."

काळुरामनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि एकदम चिडला. "मना का नाय सांगितलंस? दोन सीझन! गिऱ्हाईक माझं, नाव माझं, बाबाचा नियम तुला ठाऊक, आणि तू तोंड शिवून बसलीस? मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर बसवलं असतंस आखणीला?"

काळुरामनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता आणि खरं बोलायची हिंमत होईना. काकीला त्याचं उत्तर मिळालं.

"काळू," ती म्हणाली, शेठ नाही म्हणाली, "तुझ्या बापानं मोरूला पेंढा भरायला बसवला तेव्हा मी त्याच्याच जागेवर बसले होते. तो समोर बसून पेंढा भरायचा नि माझ्या हाताकडे बघत राहायचा. माझ्यानं त्याच्याकडं बघवायचं नाय. मना पेंढा भरायला लावू नको. घरी बसवलंस तरी चालंल, पण पेंढा नको."

काळुरामच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते त्याला पुसता येईना, म्हणून त्यानं उगाच काच पुसली. "कोण तुला पेंढा भरायला लावतंय?" तो म्हणाला. "काय बोलतेस तू? तू आखणीच्या जागेवरच बसायचं. रंभा लिहील, तू सांगायचंस. पगार तोच, मान तोच. डोळ्याचं नाव काढायचं नाय कुणी." मग गाडी सुरू करता करता पुटपुटला, "बाबाचा नियम हाय, काकी. मना तो मोडवत नाय."

बरं बोलला तो. त्याहून बरं कुणी काय बोललं असतं? काकी मान हलवून बसून राहिली.

पुढे तसंच झालं. अष्टमीचा गणपती आणि ते चार बिनतोंडाचे लोक रंगून तयार झाले तेव्हा रंभा ब्रश घेऊन समोर बसली आणि काकी तिच्या बाजूला पाटावर. कारखान्यातल्या बायकांना काळुरामनं काय सांगितलं होतं कोण जाणे, कुणीच तिकडे बघत नव्हतं, आणि कुणी बघत नव्हतं म्हणूनच सगळं कळत होतं. रंभा ब्रश रंगात बुडवून परत पुसत होती. तिनं तर आदल्या संध्याकाळी काकीच्या घरी येऊन रडून घेतलं होतं. "काकी, मना तुझी जागा नको गो," असं तीनतीनदा म्हणाली होती.

"सांग काकी, कुठनं सुरू करू?"

काकीनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की तिला सांगताच येत नाही. एवढ्या वर्षांत तिनं ते कधी बोलून बघितलंच नव्हतं. "असं घे... नाय, एवढं नाय. जरा असं. पापणी म्हणजे... थांब." हाताला सगळं माहीत होतं. तोंडाला काहीच माहीत नव्हतं. ती हवेत बोटं फिरवत राहिली आणि रंभा त्या बोटांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं काकी म्हणाली, "तुला येतंय तसं लिही. चुकलं तर बोलीन."

रंभानं श्वास धरला आणि लिहिलं.

काकीनं डाव्या डोळ्यानं बघितलं. जवळ जाऊन बघितलं. तिच्यासारखे नव्हते ते डोळे. तिचा गणपती घरच्या माणसासारखा बघायचा. हा नुकताच आल्यासारखा बघत होता, जरासा नवलानं, आणि तरी गोड होता. चूक काढायला जागा नव्हती. काकीनं ती दोनदा शोधली. मनापासून शोधली, सापडावी म्हणून शोधली, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"बरं हाय," ती म्हणाली. "चांगलं हाय गो. पुढचा घे."

रंभाचं तोंड उजळलं. पुढचा घेतला, मग त्याच्या पुढचा. हात बसत गेला. काकी आधी दर मूर्तीला एकदा बोलायची, मग चार मूर्तींमागे एकदा, मग नुसती मान हलवायची. श्रावण लागला. कारखान्यात उभं राहायला जागा उरली नाही, दारात टेम्पोमागे टेम्पो लागले, काळुरामचा आवाज बसला. अशा दिवसांत कारखान्यात दुपारी कुणी पाठ टेकत नाही, आणि चुकून काकीची डुलकी लागलीच तर लगेच कुणीतरी येऊन हलवायचं: "काकी, ऊठ, डोळे राहिलेत." तीस वर्षं हे असंच चाललं होतं. शेवटचा हात तिचा, ती उठल्याशिवाय देव दाराबाहेर जात नसे.

एका दुपारी जेवण झाल्यावर पाटावर बसल्या बसल्या काकीचा डोळा लागला. मूर्तींच्या रांगेला टेकून ती जी झोपली ती गाढ झोपली, पाठ मोकळी, हात मांडीवर पडलेले, तोंड जरा उघडं.

जाग आली तेव्हा कारखान्यात दिवे लागले होते. कुणीतरी तिच्या अंगावर धुवट चादर टाकली होती. ज्या रांगेला टेकून ती झोपली होती, ती रांग जागेवर नव्हती. दुपारी तिथे पन्नासेक मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या होत्या. त्या डोळे घेऊन, पेंढ्यात बसून, टेम्पोत चढून निघूनही गेल्या होत्या. तिच्या पाठीमागे आधाराला रंगाची पिंपं सरकवून ठेवलेली होती, तिची झोप मोडू नये म्हणून.

रंभा नळावर ब्रश धूत होती. काकी धडपडत उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मना उठवलं का नाय गो कुणी?"

रंभानं मागे वळून बघितलं आणि माया आल्यासारखी हसली.

"कशाला उठवायचं, काकी? काय काम अडलं नव्हतं. झोप तू आणखी."